रॅप्सडी शिवणारा गुणाजीबुवा

चारकोप, सेक्टर दोन
१० सप्टेंबर १९८७

ती. लवूदादांस धाकट्या गुणाजीचा सा. नमस्कार वि. वि. आम्ही इथे खुशाल. तुमच्या गुडघ्याला तेल लागतंय ना, आणि तांबडी गाय व्याली का, ते कळवा.

दादा, तुमचा भाऊ मोठा माणूस झाला. (वहिनीला वाचून दाखवा.) गणपतीत आमच्या सेक्टरमध्ये दोन बुवांच्या भजनाची डबलबारी होती. समोर घाटकोपरचे धोंडिरामबुवा, इकडे मी. अभंगापर्यंत सगळं रीतीने चाललं होतं. मग तिसऱ्या कडव्याला माझी पाटी कोरी. पखवाजवाला रामनाथ माझ्याकडे बघतोय, मी पेटीकडे. थांबलो असतो तर वाट लागली असती, म्हणून सुचेल ते जोडत गेलो. अर्धी गौळण, मग शिमग्याची चाल, मग पेरणीचं एक गाणं, मध्येच गजर. रीत पार मोडली, पण माणसं उठून उभी राहिली. बायका डोळे पुसत होत्या.

बारी संपल्यावर रत्नप्रभाताई आल्या. (बोरिवलीच्या शाळेत संगीत शिकवायच्या, पियानोसुद्धा वाजवतात.) सगळ्या मंडळासमोर म्हणाल्या, "बुवा, ही तर रॅप्सडी झाली." अर्थ विचारायची लाज वाटली, म्हणून मी म्हटलं, होय, मुद्दामच बसवली होती.

पुढचे आठ दिवस तो शब्द मी जमेल तिथे वापरला. रेशनच्या तांदळाला रॅप्सडी म्हटलं. सोसायटीच्या चेअरमनना सांगितलं की आज अंगात जरा रॅप्सडी आहे, तर त्यांनी क्रोसिन पाठवली. शेवटी आमच्या नलिनीने कॉलेजातून डिक्शनरी आणली. ठरलेल्या साच्यात न बसणारं, मन मानेल तसं वाहणारं संगीत, त्याला रॅप्सडी म्हणतात. एखाद्या गोष्टीचं भान हरपून कौतुक करत सुटणं, तीही रॅप्सडीच. आणि मूळ ग्रीक भाषेत म्हणे गाणी शिवून जोडणं असा अर्थ आहे. दादा, गिरणी सुटल्यापासून मी शिलाई मशीनवर पोट भरतोय, तेव्हा ग्रीक लोकांत माझ्याइतका हक्काचा माणूस कोण? मला फार अभिमान वाटला आणि अजून वाटतोय. काल बांगड्याच्या तिखल्याची मी अर्धा तास स्तुती केली, तर सुगंधा म्हणाली, "पुरे तुमची रॅप्सडी. तिखला थंड झाला, आधी जेवा."

आता नवरात्रात खुद्द धोंडिरामबुवांनी घाटकोपरला बोलावलंय. तीच रॅप्सडी पुन्हा हवी म्हणतात. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गुणाजीबुवा

ता. क. पेरणीचं गाणं म्हणजे आई गेली त्या वर्षी तुम्ही रचलेलं, पेरणीला ती शेतावर आणायची त्या पेजेचं. बायका रडल्या त्या तेवढ्याच जागी. कुणाचं म्हणून विचारलं, तेव्हा मी माझंच म्हणालो. चुकलो, दादा.

ता. क. मला त्याची दोनच कडवी येतात. पुढची परतीच्या टपालाने पाठवा.

ता. क. नलिनीने पत्र वाचलं. ती म्हणते, शिलाई तुमची असेल बाबा, पण कापड कुणाचं ते सांगावं लागतं. तर कडवी पाठवू नका. गुडघा चालत असेल तर तुम्हीच या आणि तुम्हीच गा. मी पेटी धरतो.