दोघांची होडी

पिंपरी, डिसेंबर १९८२

प्रिय दिगंबर,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितो.

दापोडीच्या नदीत शिडाची होडी चालवायला तूच मला शिकवलंस. आशियाई स्पर्धेत दोघांच्या होडीसाठी आपली जोडी जवळजवळ ठरली होती. पण सुकाणू तुझ्या हातात राहणार होतं, आणि तेच मला सोसेना. मी निवड समितीला सांगितलं, "त्याला पाण्यात फिट येते. मी दोनदा धरलंय." डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण धोका कोण पत्करणार?

सुकाणू मला मिळालं. शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या; मी आणि माझा नवा जोडीदार शेवटून दुसरे आलो. इकडे तुझ्या कंपनीत फिटची बातमी पोचली आणि तुला मशीनवरून काढून गेटवर बसवलं. शुभदाच्या वडिलांनी तुमचं ठरलेलं लग्न मोडलं.

तरी काल, आशियाई स्पर्धेत खेळून आलो म्हणून ठेवलेल्या माझ्या सत्काराला, तू हार घेऊन आलास. मला बाजूला नेऊन हळूच विचारलंस, "मुकुंदा, मला काहीच आठवत नाही रे. खरंच फिट येते मला? होडीत तूच होतास."

मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "येते रे. जप स्वतःला."

तुझा,
मुकुंद