चौदा एमएम आणि काळी काच

३ मार्च, सोमवार

लेन्स आली. चौदा एमएम. समोरची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. दुकानदार म्हणाला, साहेब, हिला फिल्टर लागत नाही, पुढे आटेच नाहीत. मी नुसता हसलो. लोक विचार करत नाहीत, म्हणून त्यांचं अडतं.

योजना: गॅलरीतून नदी. लेन्सपुढे गडद फिल्टर, शटर तीस सेकंद उघडं, पाणी दुधासारखं गुळगुळीत. वीस तारखेला फोटो क्लबचं प्रदर्शन. ही बहिणीकडे गेल्याला सात आठवडे झाले. हवापालट. परत येईल तेव्हा फोटो हॉलमध्ये मोठा करून लावलेला असेल.

६ मार्च

फिल्टर पुढे लागत नसेल तर मागे लावावा. साधी गोष्ट. काळ्या जिलेटिन कागदाचा नखाएवढा तुकडा कापून लेन्सच्या मागच्या बाजूला चिकटवला. तंत्र उत्तम. गोंद हलका निघाला.

तुकडा कॅमेऱ्यात पडला. कॅमेरा खाकरल्यासारखा आवाज करू लागला. दुरुस्तीवाल्याने चिमट्याने काढून दिला आणि विचारलं, हे कोणी केलं? पुतण्याने, म्हणालो.

मला पुतण्या नाही.

१० मार्च

डाळीची बरणी रिकामीच होती. बूड कापून नळकांडं केलं, त्यावर फिल्टर बसवला. बरण्या हिच्या आहेत, पण सहातल्या पाच राहिल्या तर काय बिघडतं?

फोटोत सगळीकडून काळं कडं. लेन्स इतकी रुंद बघते की बरणीसुद्धा तिच्या नजरेतून सुटली नाही. नदी विहिरीच्या तळाशी गेल्यासारखी दिसते.

संध्याकाळी हिचा फोन. उरलेले कपडे न्यायला रविवारी येते म्हणाली. म्हणजे येतेय!

घर आवरायला घेतलं. एक कप्पा झाला. बाकी उद्या.

१२ मार्च

मागच्या गल्लीतल्या वेल्डरकडून त्याच्या मुखवट्यातली जादा काच आणली. काळीकुट्ट. त्याने विचारलं, कशाला? म्हटलं, नदी बघायला. तो म्हणाला, वीस वर्षं यातूनच बघतोय, नदी काही दिसली नाही. रसिकता सगळ्यांकडे नसते.

१४ मार्च, दुपारी ४

काच दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवली. अकराव्या सेकंदाला सुटली. चौथ्या मजल्यावरून थेट तळमजल्याच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गादीवर. फुटली नाही. (काच मजबूत. टेपचा दोष.)

काकू स्वतः वर घेऊन आल्या. धाप लागली होती. वहिनी दिसत नाहीत हल्ली, म्हणाल्या. बहिणीकडे गेलीय, रविवारी येतेय, असं सांगितलं. बरं झालं, म्हणाल्या, आणि माझ्या मागे स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. चहा विचारायचं राहून गेलं. कप धुतलेले नव्हते.

५.३०

टेप, बरणी, गोंद सगळं चूक. कोणीतरी हाताने काच धरली की झालं. तीस सेकंदांचा प्रश्न. फोनमधली नावं पाहिली. दोनशे चौदा. ऑफिसातल्या साहेबांना कसं बोलवणार? क्लबचे सेक्रेटरी कामात असतात. प्लंबरला करावा म्हटलं, पण नळ तर चालू आहे.

१६ मार्च, रविवार

ही अकराला आली. मेहुणा खाली गाडीतच थांबला. वर ये म्हणालो तर पार्किंगचं कारण सांगितलं. पार्किंगला जागा भरपूर होती.

हिने पाऊण तासात दोन बॅगा भरल्या. शिकवते त्या शाळेजवळ एक खोली घेतलीय म्हणाली. चालत जाता येतं. सोयीचं आहे, मी म्हणालो. खरंच सोयीचं आहे.

निघताना म्हटलं, जरा एक काच धरशील? बॅग खाली ठेवून ती गॅलरीत आली. कुठे, कशी, एवढंच विचारलं. दोन्ही हातांनी काच लेन्सपुढे धरली. ऊन होतं. तिच्या केसांना वेगळ्याच तेलाचा वास. खालून हॉर्न वाजला. ती हलली नाही.

१७ मार्च

फोटो आला. पाणी दुधासारखं. काळ्या काचेतून उजेड हिरवा येत असल्याने सगळं शेवाळलेलं, पण कृष्णधवल केलं की चालेल. वरच्या कोपऱ्यात चार बोटं. सेक्रेटरींना पाठवला. ती बोटं कापून टाका, म्हणाले. मी कळवलं की तो अग्रभाग आहे. प्रदर्शनाला पाठवत नाही.

एक तांत्रिक नोंद राहिली. शटर तीस सेकंदांनी बरोबर बंद झालं. झालं का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, अजून थोडं.

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो.