डाव्या दंडावरची चांदणी

बेंबळी,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

रणधीर,

आज सकाळी दुकान उघडलं. शाळेच्या दोन पँटी कापल्या, एका ब्लाउजला काजं केली. दुपारी अम्मीच्या गोळ्या आणल्या. तिचा ताप उतरलाय. तुझ्या घरी सगळे बरे असतील. धाराशिवचं तुझं टॅटूचं दुकान चालू असेल.

फोन केला नाही. तू उचलला असतास, पण मला बोलता आलं नसतं.

सोहेलची गाडी जळकोटजवळ घसरली तेव्हा दवाखान्यात माझ्याआधी तू पोचलास. कागदांसाठी तूच पळत होतास. हे सगळं मी बघितलं होतं. तरी मी तसं वागलो.

तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहितो. आमच्यात मय्यतीला गुसल देतात, म्हणजे शेवटची अंघोळ. ती घरच्या माणसांनी घालायची. मी होतो आणि शेजारचे अल्ताफचाचा. बोरीची पानं टाकून पाणी कोमट केलं होतं. शर्ट कापून काढला, तर डाव्या दंडावर ते दिसलं. काळं आणि करडं. आठ कोनांची चांदणी, तिच्यात चौकोन, चौकोनांत जाळीसारख्या बारीक रेघा. मधोमध दोन पाती. मला ते हत्यार वाटलं, आणि आमच्यात अंग गोंदवणं हराम.

मी घासायला लागलो. आधी कापडानं, मग नखानं. चाचांनी माझं मनगट धरलं. "हल्लू, मुनवर. त्याला दुखतंय. ते जाणार न्हाय." आणि म्हणाले, "गुसलात दिसलेलं इथंच ठेवायचं. भाईर काढायचं न्हाय."

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते मी.

तू डोक्याला रुमाल बांधून खांदा द्यायला दारात उभा होतास. सगळ्या गल्लीसमोर मी ओरडलो, "यानं माझ्या भावाचं अंग काळं केलं. याचा खांदा नको."  तू मागं सरकलास. तुझा अपमान झाला तो झालाच. पण कफनात झाकलेला भाऊ मी माझ्याच तोंडानं उघडा केला.

परवा अम्मीनं विचारलं, "उसकू हल्लू नहलाए ना रे?" मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "तेरी कैंची देखा क्या?" मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. ती पाती म्हणजे माझी कात्री. टोक मोडलेली. लहानपणी सोहेलनंच पाडली होती. तिचा फोटो त्यानं तुला पाठवला होता आणि तू त्यावरून काढलीस. अम्मीला त्यानं पहिल्याच दिवशी दाखवली होती. मला दाखवायची हिंमत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं माझ्याकडून पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवून घेतले. मी म्हणायचो, "लई साहेब झालास व्हय रे?" तो हसायचा. दंडाचं माप मीच घेतलं होतं, कपड्यावरून.

रोज हातात असते ती कात्री, आणि मला ओळखता आली नाही.

अम्मीला तुला भेटायचंय. त्याच्याबद्दल बोलायला घरात कुणी नाही, असं ती म्हणते. मी आहे, पण माझ्याशी ती फारसं बोलत नाही. शुक्रवारी दुपारी मी नमाजला जातो. माझं तोंड बघायचं नसेल तर तेव्हा ये. चालणार असेल तर मी असताना ये, आपण दोघं कब्रस्तानात जाऊ. कबरीवर तुझी मूठभर माती द्यायची राहिलीय. ती माझ्यामुळं राहिली.

तिच्याशी मी खोटं बोललो, हे तिला मीच सांगेन. तू सांगू नकोस.

अम्मी शेजारच्या उमाबाईंकडे बसायला गेलीय. घरात मी एकटाच आहे. तांदूळ निवडून झालेत, उठून भात टाकतो.

सोहेलचा भाऊ,
मुनवर