गुळाच्या गाडीवरचा माझा हक्क

मृत्युपत्र लिहून ठेवणार : श्रीमती बायडाबाई केरबा चौगले, वय ७३, धंदा मिरची कांडप, राहणार गडमुडशिंगी, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर.

मी वरील बाई लिहून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे, कानांना नीट ऐकू येते आणि रागही वेळेवर येतो. हा कागद मी कोणाच्या दडपणाखाली, भिडेपोटी किंवा दया येऊन करत नाही. भिडेपोटी आणि दया येऊन या घरात पुष्कळ झाले. त्याचा निकाल लागावा म्हणून हा खटाटोप. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. गडमुडशिंगी येथील माझे राहते घर, वरची माडी आणि मागचे परसू यांसह, माझी मुलगी क्रांती हिला द्यावे. घर माझ्या नावावर आहे, कारण माझ्या वडिलांना जावयाचा स्वभाव लग्नाआधीच कळला होता. माझे मयत पती कै. केरबा यांच्या नावावर ते असते तर आज द्यायला उरले नसते. क्रांतीवर अट एकच : माडी कोणालाही फुकट राहायला देऊ नये. कोणी ‘आठच दिवस’ म्हणाला तर त्याला दारातच पाणी पाजून वाटेला लावावे. धैर्यशील नावाचा पोरगा याच माडीवर आठ दिवसांसाठी आला आणि चार वर्षे राहिला. त्याच्याविषयी पुढे येईल.

२. कांडप यंत्र. मिरची कांडपाचे यंत्र, मोटर, चाळण्या आणि पत्र्याची शेड झुंबरबाईला द्यावी. तिने माझ्यासोबत वीस वर्षे ठसका खाल्ला. शिवाय तिला ‘न्हाय’ म्हणता येते, आणि धंद्याला तेच लागते.

३. जीप. जीप कोणाला द्यावी हा प्रश्न उद्भवत नाही. केरबांनी ती स्वतःच्या हाताने एका ओळखीच्याला देऊन टाकली. ते भाड्याची जीप चालवत. पण भाडे घेणे त्यांच्या जिवावर यायचे. जोतिबाला निघालेली म्हातारी माणसे फुकट, शाळेची पोरे फुकट, भांडून माहेरी निघालेली बाई तर फुकटच, वर तिला वाटेत जेवण. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचे. देवमाणसाच्या घरातली चूल कशी पेटते हे विचारायला मात्र कोणी आले नाही. ती मिरची कांडून पेटायची. शेवटच्या दुखण्यात पंख्याखालची खाट त्यांनी शेजारच्या रुग्णाला दिली आणि स्वतः कोपऱ्यात उकडत पडले. तो रुग्ण बरा होऊन घरी गेला.

माझ्या दहाव्याला केरबांच्या मोठ्या मनावर कोणी भाषण करू नये. दिवस माझा असेल.

४. चित्रपट. हे कलम वकीलबाई दानेश्वरी यांनी गाळायला सुचवले होते. मी गाळलेले नाही.

वर लिहिलेला धैर्यशील कोल्हापूरच्या स्टुडिओत उमेदवारी करत होता. दोन्ही वेळची भाकरी माझ्या हातची. चुलीपाशी बसून मला म्हणायचा, “वहिनी, काल दादांना काय बोलला ते परत म्हणा की.” मला वाटायचे, या घरात निदान एकाला तरी माझे म्हणणे पटते. मी पुन्हा म्हणायची. तो सगळे उतरवून घेत होता, हे मला फार उशिरा समजले.

१९७३ च्या माघात माझे दिवस भरले होते. त्या दुपारी केरबांनी जीप गारगोटीला एका लग्नाच्या वरातीसाठी दिली. लग्न ना भावकीतले, ना ओळखीचे. नवरदेवाचा बाप स्टँडवर रडत होता म्हणून दिली. मी म्हटले, “अवो, माझं पोट दुखाय लागलंय.” ते म्हणाले, “अगं, पैलटकरणीला येळ लागतो. सांजच्याला येतीया की जीप.”

जीप आली नाही. केरबा रस्त्यावर पळाले. कोल्हापूरच्या बाजारात गूळ घेऊन निघालेली एक बैलगाडी त्यांनी थांबवली आणि रव्यांवर, म्हणजे गुळाच्या ढेपांवर, गोणपाट टाकून मला वर निजवले. धैर्यशील सोबत होता. माझे डोके त्याच्याच मांडीवर होते, म्हणजे त्याने सगळे पाहिले. अर्ध्या वाटेवर, ओढ्याच्या अलीकडे, मुलगा झाला. तो रडला नाही. गाडीवानाने बैल थांबवले, पाणी मारले, पाठ चोळली. तरी रडला नाही. त्याला पुरायला केरबा आणि गाडीवान गेले. मला त्याचे तोंड कोणी दाखवले नाही.

चार वर्षांनी धैर्यशीलने चित्रपट काढला. सगळ्यांना सगळे देत सुटणारा एक भोळा माणूस आणि सतत किरकिर करणारी त्याची कजाग बायको. चित्रपट याच घरात घेतला. केरबा म्हणाले, “घे की, घर आपलंच हाय.” नटीला माझे हिरवे इरकल दिले, ते दिव्याच्या धगीने पदराला जळून परत आले. पंधरा माणसांचा चहा मी केला. गाडीचा प्रसंग दुसरीकडे घेतला होता, त्याची मला वार्ता नव्हती.

पहिल्या खेळाचे पास केरबांनी गावात वाटून टाकले आणि आम्ही दोघे थिएटरात मागे भिंतीला टेकून उभे राहिलो. माझी वाक्ये एकामागून एक पडद्यावरून येत होती आणि लोक पोट धरून हसत होते. ते एक वेळ मी सोसले असते. मग गाडी आली. नटी गुळावर आडवी, अंगाला मुंग्या, नवऱ्याला शिव्या देते आहे, आणि मागून अख्खी वरात वाजत येते आहे. लोक खुर्च्यांवरून उठून हसले. मूल झाले. पडद्यावरचे मूल टाहो फोडून रडले आणि गाडीवानाने वाटेवरच्या सगळ्यांना गूळ वाटला.

मी बाहेर आले. खेळ संपल्यावर केरबा आले. त्यांचे डोळे ओले होते. म्हणाले, “बघितलास? धैर्यशीलनं आपलं पोर जगवलं गं.”

त्या माणसाला यातही कोणी तरी काही तरी दिल्याचेच सुख झाले. मी त्यांना इतकेच म्हटले, “अवो, मी कवा मागितलं हुतं त्याच्याकडं?” पुन्हा मी विचारले नाही, कारण ते खरोखरच वाईट नव्हते. वाईट असते तर मी सोडून तरी गेले असते.

तो चित्रपट अजून टीव्हीवर लागतो. त्याचे नाव मी या कागदावर येऊ देणार नाही. मागच्या महिन्यात धैर्यशीलचा मुलगा विश्वजित पेढे घेऊन आला. बाप गेल्यावर आता तोच चित्रपट नव्याने काढणार आहे. घर पाहिजे आणि माझी सही पाहिजे.

“आज्जी, आमच्या बाबांनी तुमचं नाव अजरामर केलं,” म्हणाला.

मी विचारले, “गाडीचा सीन ऱ्हाणार?”

“राहणार म्हणजे? जीव हाय की त्यो पिक्चरचा!”

पेढे मी त्याच्या गाडीत नेऊन ठेवले.

सबब मी लिहून ठेवते की, सदर प्रसंग ही माझी मालमत्ता आहे. ती मी कोणाला दिलेली नाही. केरबांनी दिली असेल तर त्यांना तो अधिकार नव्हता. माझ्या पश्चात तो प्रसंग हसण्यासाठी कोणीही वापरू नये, आणि या घराच्या उंबऱ्याच्या आत कॅमेरा येऊ नये. वकीलबाई म्हणाल्या, “काकू, हे कायद्यात बसेल का, सांगता येत नाही.” मी म्हटले, “बसवा.”

५. क्रांतीस. तो चित्रपट लागल्यापासून गाव तुला गुळाची क्रांती म्हणते. गाडीवर जन्मलेली ती मीच, असे तू शाळेत सांगितलेस, सासरी सांगितलेस, आता आपल्या पोरांनाही सांगतेस. ती तू नव्हेस. तू त्यानंतर दोन वर्षांनी दवाखान्यात जन्मलीस, आणि त्या वेळी जीप दारात होती, कारण चावी माझ्या कमरेला होती. तुला ते ऐकायला आवडायचे म्हणून मी गप्प राहिले.

एवढे लिहून झाल्यावर वाटले, ही गोष्ट मुलीने वकिलाच्या तोंडून ऐकू नये. म्हणून तिला सांगलीहून बोलावून घेतले आणि वरची सर्व कलमे मी स्वतः वाचून दाखवली. गाडीच्या ठिकाणी ती सवयीने हसू लागली आणि मध्येच थांबली. मग फोन काढून तिने विश्वजितला लावला. “घर मिळणार न्हाय. सही मिळणार न्हाय. आणि आमच्या आईच्या दारात परत यायचं न्हाय,” एवढे बोलून ठेवून दिला. घरातल्या कोणी ‘न्हाय’ म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

त्यानंतर ती कागदाच्या शेवटची वारसांची यादी बघू लागली. यादीत तिचे एकटीचे नाव होते.

“आई, त्याचं नाव काय हुतं?”

“ठेवलंच न्हवतं, बाई. बारशाला आत्या नाव ठेवती. बारसं कुठलं?”

“मग मी ठेवते.”

सोबत बसलेल्या वकीलबाईंनी सांगितले की मयत अर्भकाचे नाव यादीत घालायची कायद्याने गरज नाही. क्रांतीने त्यांच्या हातून पेन घेतले. पुढील यादी तिच्या अक्षरात आहे आणि ती मला मान्य आहे.

६. माझे वारस :
(अ) उदयसिंह केरबा चौगले, थोरला मुलगा, मयत.
(ब) क्रांती, धाकटी मुलगी, हयात.

हा कागद मला वाचून दाखवला, मी समजून घेतला आणि खालील दोन साक्षीदारांच्या समोर सही केली. क्रांती व झुंबरबाई यांना यातून मिळकत मिळत असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. त्या दोघी बाहेर सोप्यात बसून आहेत. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टर सोमेश यांचा दाखला सोबत जोडला आहे.

लिहून ठेवणार : बायडाबाई केरबा चौगले (सही)

साक्षीदार :
१. पिराजी, शेजारी, राहणार गडमुडशिंगी (सही)
२. निर्मला, निवृत्त शिक्षिका, राहणार कोल्हापूर (सही)

ठिकाण : गडमुडशिंगी
तारीख : १८ नोव्हेंबर २०२५