तुझ्या लेखिकेचा दगड

आई, आज तुझ्या लेखिकेचा दगड मी पाहिला. तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुलाच सांगावीशी वाटली.

चिखलीची ती शेड आठवते. प्रेसमधून निघालेल्या पत्र्याच्या पट्ट्यांच्या कडा तू कानशीने घासून गुळगुळीत करायचीस, आणि जेवणाच्या सुट्टीत मांडीवर डबा ठेवून त्या परदेशी बाईच्या कादंबरीचं मराठी भाषांतर वाचायचीस. पानांवर तुझ्या तेलकट बोटांचे ठसे. "ही बाई आपल्या शेडमधी येऊन गेल्याबिगर असं लिवणार न्हाई," म्हणायचीस. शेडचा नियम होता, एकीनं तपासायचं, दुसरीनं पुन्हा बघायचं आणि मगच नगावर पिवळा ठिपका मारायचा. दहावीच्या सुट्टीत मी तिथे कामाला आले आणि घाईघाईत न बघताच ठिपके मारत सुटले. तू माझ्या हातातला ब्रश काढून घेतलास. "बघितल्याबिगर पास करायचं न्हाई. कुणाच्या सांगण्यावरनं तर अजिबात न्हाई." सगळ्या बायकांसमोर बोललीस म्हणून मला राग आला होता. आता चाकणच्या कंपनीत, क्वालिटीत, मी नव्या पोरींना तेच ऐकवते आणि त्यांनाही राग येतो.

तुझ्या शेवटच्या आजारपणात मी नेटवर वाचलं की तुझ्या लेखिकेचं नाव एका लघुग्रहाला दिलंय. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये असे असंख्य दगड सूर्याभोवती फिरतात, त्यातला हा पार बाहेरच्या, गुरूकडच्या बाजूचा. मी धावत तुला सांगायला आले. उशीवरूनच विचारलंस, "तू बघितलास व्हय?" मी म्हटलं, नेटवर आहे. "मंग बघ आन् सांग." पुढे थोड्याच दिवसांत तू गेलीस आणि ते काम माझ्याकडे राहिलं.

मी ते सोडणार नव्हते. चऱ्होलीच्या गच्चीवर दुर्बीण लावली, पण इतका अंधूक दगड तिच्या आवाक्यातला नव्हताच, त्यात चहूकडे नव्या इमारतींचे दिवे. नवरा म्हणाला, "अगं, आहे म्हणतात ना, मग असेल." मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. मग कळलं, परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीकडून फोटो मागवता येतात. आधी ढग आडवे आले, नंतर मीच आकाशाचा भलताच तुकडा मागितला, मग पुन्हा ढग. मी मागवत राहिले. आज सुट्टी होती. सकाळी चहा घेताना एकाच तुकड्याचे, काही तासांच्या अंतराने काढलेले दोन फोटो आलटूनपालटून लावत होते, नग नमुन्याशी ताडून बघतो तसे. सगळे तारे जागच्या जागी, आणि एकच बारीक ठिपका सरकत होता. त्या रात्रीच्या आकाशाच्या नकाशाशी जुळवून पाहिलं, जागा तीच. मी रडले, आई. चहा गार झाला.

दोन्ही फोटो छापून आणले. पहिली तपासणी माझी झाली. दुसरीसाठी नवऱ्याला बोलावलं, तर तो दारातूनच "दिसला, दिसला" म्हणाला. ते काही मी धरलं नाही. शेवटी कपाटातून तुझा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि फोटो पुन्हा समोर धरले. सगळं धूसर. दगड सोड, मला तारेही दिसेनात. तरी तुझ्या वतीने मी फोटोवर पिवळा ठिपका मारला. आता हे पत्र आणि फोटो तुझ्या कादंबरीत ठेवते. तू ब्रश काढून घेतलास त्या दिवसानंतर न बघता पास केलेला हा माझा पहिलाच नग.