मेलेला राजा शिंकला

शनिवार, ९ मार्च १९७४. इलेशा

मेलेला राजा शिंकला! आणि मी, त्याची राणी, प्रेतावर पडून रडणारी, मी म्हणाले, "जपा हो!"

तोंडातून निघूनच गेलं. सतरा वर्षं घरात नवरा शिंकला की म्हणते. आज भर खेळात म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मागून कुणी बाई ओरडली, "अगं, मेल्यावर कसला जपतोय!" झालं. लोक लोळायचेच बाकी राहिले. लामिदी म्हातारा ढोलावर डोकं टेकून हसत होता. ओयेकुन्ले, माझा नवरा, राजाच्या वेषात डोळे मिटून तसाच पडला होता. जबडा घट्ट आवळलेला.

पडदा पडल्यावर एवढंच म्हणाला, "शिंक लोक विसरले असते, अबेके. तुझं बोलणं नाही विसरायचे."

प्रेतावरचं कापड मीच ट्रंकेतून काढलं होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होतं. झटकायला हवं होतं — हे त्याला सांगितलेलं नाही.

१० मार्च

बोलत नाही. सकाळी चवळीचे गरम अकारा वडे आणले, तसेच गार झाले.

१२ मार्च. ओंडो

माझं काम मोरेनिकेला दिलं! पोरगी कंपनीत येऊन चार महिने झालेत. व्हॅनमधून सामान उतरवताना, सगळ्यांसमोर म्हणाला, "राणी ही करेल. तू कपड्यांचं बघ."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

लामिदी मध्ये पडला. "मालक, ही कंपनी तुम्ही दोघांनी उभी केलीत."

"तू ढोल वाजव."

मागाहून मोरेनिके आली. "मावशी, मला नको हे काम." तिला बसवून शिकवलं. रडताना श्वास कुठे तोडायचा, हात कुठे न्यायचे. शिकवता शिकवता मलाच रडू फुटलं. तिला वाटलं, करून दाखवतेय. "असंच ना?" म्हणाली.

"असंच," म्हटलं.

१४ मार्च

गोष्ट आमच्या आधी ओंडोला पोचलेली! राजा कोसळला मात्र, सगळं सभागृह एका सुरात — "जपा हो!" मोरेनिके घाबरून वाक्यं विसरली. मी पडद्याआड, हातात त्याचा झगा. लोक थांबलेत, शिंकेल म्हणून. टाळ्यांचा ठेका धरलाय. तो पडून राहिला, किती वेळ! मग उठून बसला. मुकुट काढून खाली ठेवला. सावकाश चालत आत आला, माझ्या अंगावरून, न बघता.

लोकांना तोही विनोदच वाटला.

१५ मार्च

लामिदी म्हणतो, "बाई, हसतायत तर हसू दे. हसण्याचाच खेळ करू."

मी ते नवऱ्याच्या कानावर घालायला गेले. तो अंगणात बाकावर एकटाच बसला होता. वर न बघता म्हणाला, "माझा राजा मरतो तेव्हा माणसं रडतात. मला दुसरं काही येत नाही, अबेके."

त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. राग होता अजून.

१६ मार्च, सकाळ. ओवो

काल संध्याकाळी इथे पोचलो. आज उठले तर तो नाही. पिशवी नाही, चपला नाहीत. लामिदीने त्याला मोटार पार्कवर लागोसच्या गाडीत चढताना पाहिलं. "हाक मारली, बाई. खिडकीची काच वर केली त्यांनी."

राजाचे कपडे ठेवून गेलाय. मला चिठ्ठीसुद्धा नाही.

१६ मार्च, दुपार

तिकिटं विकली गेलीत. खेळ चारला, इथल्या शाळेत. शाळेचे मास्तर दोनदा विचारून गेले, रद्द करायचा का. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्याची वाक्यं मला पाठ आहेत — पहिल्यापासून शेवटपर्यंत. मास्तरांना सांगितलं, खेळ होईल.

राजाची दाढी चिकटवून बसले आहे. डिंक वाळतोय. मोरेनिके विचारते, "मावशी, मालक परत आले तर?"

चारच्या आत येऊ नये, असं वाटतंय. लिहिलं! खोडणार नाही.