कुत्र्याच्या वाट्याची कलेजी

आई, चिखलीतल्या आपल्या अंगणात आता भाड्याचं वर्कशॉप आहे आणि मी चिंचवडच्या एका दवाखान्यात खाटेवर बसून तुला लिहितोय. कंपनीच्या तपासणीत पोट दाबून पाहताना डॉक्टर थांबले, मग सोनोग्राफी झाली. यकृतात पाण्याची गाठ आहे, लिंबाहून मोठी. दुपारी काढणार आहेत. भीती वाटते, पण तुला सांगायचंय ते वेगळंच.

जत्रेला बोकड कापला की वाटे तू करायचीस. कलेजीवर पाण्यानं भरलेले पांढरे फोड दिसले की तेवढा तुकडा बाजूला. माणसांनी खायचा नाही, पण वाया घालवायचाही नाही. "मुक्या जित्राबाला आदी घाला, मंग तुमी गिळा," म्हणत आपल्या काळ्या कुत्र्याला हाक मारायचीस. तो यायचा आणि गट्टकन गिळायचा. मला तुझा तो न्याय फार आवडायचा.

काल डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. त्या फोडात जंताची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात मोठी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, शेळी ते गवत खाते आणि तिच्या कलेजीत पुन्हा फोड धरतो. दोन घरं फिरल्याशिवाय त्या जंताचा संसार होत नाही. अंडी कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. ती माणसाच्या पोटात गेली तर गाठ होते, वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, पण माझी कलेजी कुत्र्याला कोण घालणार? माझ्यापाशी त्याची वाट संपते. मला हसूच आलं. तू म्हणाली असतीस, "येडं बेनं, घर चुकलं."

लगेच धाकट्याला फोन केला. त्याच्या घरात लहान पोरं आहेत. म्हटलं, यंदा फोड कुत्र्याला टाकू नकोस, खोल पुरून टाक. "आईनं कवा पुरलं व्हतं?" म्हणाला. ऑपरेशनचं सांगितल्यावर म्हणाला, "पुरतो."

डॉक्टरांनी विचारलं होतं, कुत्र्याला जास्त कोण हात लावायचं? मी म्हणालो, मीच. त्याला थोपटून झालं की तू हात पदराला पुसायचीस आणि मला घास भरवायचीस, हे सांगितलं नाही. तुला कोणी दोष दिलेला मला चालणार नाही.

हे कुठे पाठवणार, उशीखाली ठेवतो. सकाळपासून पाणीसुद्धा दिलेलं नाही. खरं सांगू? आत्ता तू तोच न धुतलेला हात पुढे केलास, तर मी तोंड उघडीन.